पोटावरची पिशवी काढण्याआधी

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारच्या एस.टी.ने आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातून एक नवरा-बायको आमच्याकडे आले. बाईंचे वय चाळिशीच्या आतबाहेर, दोघेही शेतमजूर. पाणी प्याले, थोडे टेकले, तरी बाई पोटावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या. शेवटी भाऊंनीच तोंड उघडले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात टायफाईडने बाईंच्या लहान आतड्याला छिद्र पडले, पोटात घाण पसरली आणि रातोरात शस्त्रक्रिया करावी लागली. जीव वाचला, पण आतड्याचे तोंड पोटावर काढून तिथे संडासची पिशवी लावली. ही पिशवी कायमची नाही, पुढे आतडे परत जोडता येईल, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

"मग अडचण काय?" आम्ही विचारले.

"पोरीचं लगन आहे जी मे महिन्यात," बाई म्हणाल्या. "चार पाहुण्यांत ही पिशवी घेऊन कशी उभी राहू? लग्नाआधी काढून टाका म्हणते मी. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, तीन महिने थांबा, अंगात रक्त नाही. दुसरे एक डॉक्टर म्हणतात, पैसे आणा, आठ दिवसांत करून देतो. आता तुम्हीच सांगा भाऊ, कोणाचं ऐकू?"

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही डॉक्टर नाही. आजारी माणसासोबत दवाखान्याच्या फेऱ्या मारणारे, कागदपत्रांच्या रांगेत उभे राहणारे आणि डॉक्टरांनी घाईत सांगितलेले घरच्यांना सावकाश समजावून सांगणारे आहोत. परंतु हा प्रश्न आमच्यासमोर काही पहिल्यांदा आला नव्हता. पोटावर पिशवी असलेली माणसे आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहेत. लाजेने ती बोलत नाहीत, इतकेच. म्हणून या वेळी हा विषय उघडपणे मांडावा असे आम्हांस वाटले.

पिशवी का लावतात?

आतडे फुटले, सडले किंवा कापून जोडावे लागले, तर तो जोड भरून येण्यासाठी त्याला विश्रांती लागते. पोटात पू आणि घाण असताना केलेला जोड सुटण्याची भीती मोठी असते. म्हणून डॉक्टर आतडे पोटाच्या कातडीवर आणून त्याचे तोंड तिथे उघडतात. यालाच स्टोमा म्हणतात. लहान आतड्याचे तोंड काढले तर इलिऑस्टॉमी, मोठ्या आतड्याचे काढले तर कोलोस्टॉमी. आपल्याकडे याची कारणे म्हणजे टायफाईड, आतड्याचा क्षय, आतड्याला पडलेला पीळ, बैलाचे शिंग लागणे, मोटारसायकलचा अपघात आणि गुदाशयाचा कॅन्सर. काही बाळे जन्मतःच संडासची जागा नसलेली जन्माला येतात. त्यांनाही पहिल्या एक-दोन दिवसांत ही वाट करून द्यावी लागते.

म्हणजे पिशवी ही शिक्षा नव्हे. ती जीव वाचवण्यासाठी काढलेली पर्यायी वाट आहे. नदीला पूर आला की आपण लांबच्या रस्त्याने जातो, तसेच हे. पूर ओसरला की जुन्या रस्त्याने जाता येते. पण पूल शाबूत आहे की नाही हे आधी पाहावे लागते.

तीन महिने कशासाठी?

पहिल्या शस्त्रक्रियेनंतर पोटातली आतडी एकमेकांना चिकटतात. सुरुवातीच्या आठवड्यांत ही चिकटण ओली, सुजलेली आणि रक्ताळ असते. त्या वेळी पोट उघडले तर आतडी सोडवताना ती फाटण्याची भीती असते. साधारण ८ ते १२ आठवड्यांनी सूज उतरते आणि काम सोपे होते. गुदाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णाला मधे केमोथेरपी असेल तर याहून अधिक थांबावे लागते. काही निवडक रुग्णांत, ज्यांचा जोड चांगला भरला आहे आणि प्रकृती ठणठणीत आहे, त्यांच्यात लवकर जोडण्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत. परंतु ज्याच्या पोटात पू झाला होता, ज्याचे वजन उतरले आहे, रक्त कमी आहे, त्याने त्या उदाहरणावर जाऊ नये.

मोठ्या माणसांनाही हे चुकलेले नाही. कॅथलिक पंथाचे पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर १३ मे १९८१ रोजी रोममध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. आतड्याला जखम झाली, कोलोस्टॉमी करावी लागली. मधे एका विषाणूच्या संसर्गाने त्यांना पुन्हा दवाखान्यात भरती व्हावे लागले. आतडे परत जोडले ते ५ ऑगस्टला, म्हणजे मोजून १२ आठवड्यांनी. ब्राझीलचे जाईर बोल्सोनारो यांना ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रचारसभेत पोटात सुरा भोसकण्यात आला. त्यांची पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया आधी ठरली होती, ती पोटातली सूज आणि चिकटण पाहून पुढे ढकलली गेली. शेवटी २८ जानेवारी २०१९ रोजी ती झाली. चिकटण इतकी होती की सात तास लागले. त्यानंतर न्युमोनिया झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोटाच्या जखमेतल्या हर्नियाची शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे आतडे अडकल्यामुळे ते कितीदा तरी दवाखान्यात गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये चिकटण सोडवण्यासाठी बारा तासांची शस्त्रक्रिया झाली.

यात राजकारण नाही. देशाच्या राष्ट्रपतीला, उत्तम दवाखान्यात, उत्तम डॉक्टरांच्या हातून जे भोगावे लागले, ते आपल्यालाही होऊ शकते, एवढेच यातून घ्यायचे. "पिशवी काढणे म्हणजे काय, दोन टाके घालणे," असे जो म्हणतो त्याला हे उदाहरण सांगावे.

धोके किती आणि कोणते?

भीती घालणे हा आमचा हेतू नाही. म्हणून आधी आकडे सांगतो. २००९ साली लहान आतड्याची लूप इलिऑस्टॉमी बंद केलेल्या ६,१०७ रुग्णांच्या नोंदी, ४८ अभ्यासांमधून एकत्र करून, प्रसिद्ध झाल्या. शंभरात सुमारे सतरा जणांना काही ना काही गुंतागुंत झाली. सात जणांचे आतडे अडकले, पाच जणांच्या जखमेत पू झाला, तीन-चार जणांचे पोट पुन्हा उघडावे लागले. मृत्यू हजारात चार. म्हणजे शंभरातले ऐंशीहून अधिक लोक सुखरूप पार पडतात. मोठ्या आतड्याचे खालचे टोक आत शिवून ठेवलेले असेल, ज्याला हार्टमनची शस्त्रक्रिया म्हणतात, तर मात्र परत जोडणे अधिक अवघड असते आणि धोका याहून जास्त असतो. म्हणून आपली शस्त्रक्रिया कोणत्या प्रकारची झाली हे डिस्चार्ज कार्डावर पाहून विचारून घ्यावे.

आता एकेक धोका.

पहिला, जखम चिघळणे. जिथून तीन महिने संडास बाहेर येत होती, ती जागा जंतुविरहित कशी असेल? म्हणून कित्येक डॉक्टर ती जखम पूर्ण शिवत नाहीत. बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका घालून मधे थोडे भोक ठेवतात. यामुळे पू होण्याचे प्रमाण कमी होते. घरची माणसे मात्र उघडी जखम पाहून घाबरतात, डॉक्टरने काम अर्धवट सोडले म्हणतात. तसे नसते. ती जखम तळापासून वर भरत येते. ड्रेसिंग तेवढे नियमित हवे.

दुसरा, आतड्याची हालचाल थांबणे. आतड्याला हात लागला की ते काही दिवस रुसते. पोट फुगते, मळमळते, वारा सरत नाही. बहुतेकांचे हे सलाईन आणि नाकातल्या नळीने चार-पाच दिवसांत सुधारते. इथे एक इशारा. संडास होत नाही म्हणून कोणी घरून एरंडेल आणून पाजू नये, एनिमा देऊ नये. ताज्या जोडावर असा जोर पडला तर घात होतो.

तिसरा, जोड गळणे. हा सर्वांत गंभीर. सहसा पहिल्या आठवडा-दहा दिवसांत होतो. दुखणे रोज कमी होण्याऐवजी वाढू लागते, थंडी वाजून ताप येतो, नाडी जलद होते, लघवी कमी होते, कधी जखमेतून संडाससारखे पाणी येते. अशा वेळी पुन्हा पोट उघडावे लागू शकते आणि पुन्हा पिशवीही लावावी लागू शकते. ही शक्यता शस्त्रक्रियेच्या आधीच घरात बोलून ठेवावी, म्हणजे त्या रात्री सही करताना भांडण होत नाही.

चौथा, आतडे अडकणे. हे आठ दिवसांनीही होते आणि आठ वर्षांनीही. कळा येऊन पोट दुखणे, हिरव्या उलट्या, वारा आणि संडास दोन्ही बंद, ही त्याची खूण. गॅस झाला म्हणून सोडा पिऊन घरी बसू नये.

पाचवा, हर्निया. पिशवीच्या जागी पोटाची भिंत कमजोर राहते. खोकला, बद्धकोष्ठ आणि ओझे यांनी तिथे फुगा येतो. आपल्याकडे बाई दवाखान्यातून आली की पंधराव्या दिवशी डोक्यावर हंडा असतो आणि पुरुषाच्या पाठीवर फवारणीचा पंप. १६ लिटरचा पंप भरला म्हणजे १६ किलो पाणीच झाले, पंपाचे वजन वेगळे. निदान सहा ते आठ आठवडे असे ओझे उचलू नये. कापसाचे गाठोडे तर नाहीच. हे घरच्यांनी ऐकायचे आहे, रुग्णाने नव्हे; कारण रुग्ण उठतो तो घरचे काम पडून राहते म्हणूनच.

सहावा, संडासची सवय बदलणे. याबद्दल आधी कोणी सांगत नाही आणि नंतर माणूस हताश होतो. तीन महिने काम नसलेले खालचे आतडे आणि गुदद्वाराचे स्नायू ढिले पडलेले असतात. सुरुवातीला दिवसातून सहा-आठ-दहा वेळा जावे लागते, थांबवता येत नाही, कातडी सोलून निघते. टायफाईडच्या रुग्णाचे मोठे आतडे शाबूत असल्यामुळे त्याचे काही आठवड्यांत बरेच सुधारते. परंतु गुदाशय कापून अगदी खाली जोड दिलेल्या कॅन्सरच्या रुग्णाला हा त्रास पुष्कळ दिवस राहतो, रेडिएशन घेतले असेल तर अधिक. पहिल्या वर्षभरात सुधारणा होते. काहींचा थोडा त्रास कायमचा राहतो.

सिकलसेलची तपासणी आधी करा

हे आम्ही मुद्दाम वेगळे लिहितो आहोत, कारण ते आपल्या घरांशी निगडित आहे. विदर्भात आदिवासी बांधवांमध्ये आणि आपल्या समाजातही सिकलसेलचे प्रमाण लक्षात घेण्याजोगे आहे. यात लाजण्यासारखे काही नाही. तो रक्तातला गुणधर्म आहे, आईबापांकडून येतो. ज्याला आजार आहे, त्याच्या अंगातले पाणी कमी झाले, थंडी वाजली, प्राणवायू कमी पडला, तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्या तुंबवतात. भूल, उपाशी पोट आणि पिशवीतून वाहून जाणारे पाणी या तिन्ही गोष्टी त्याला धोक्याच्या. भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी माहीत असेल तर तो सलाईन, ऊब, प्राणवायू आणि गरज पडल्यास रक्त यांची तयारी ठेवतो. वाहक असलेल्याला सहसा त्रास होत नाही, तरी सांगावे. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. तपासणीचे कार्ड घरात रेशनकार्डासोबत जपून ठेवावे.

आधी आणखी काय पाहावे?

रक्तातले हिमोग्लोबिन आणि प्रथिने, साखर, छाती. त्यानंतर पिशवीच्या तोंडातून खालच्या आतड्यात औषध सोडून एक्स-रे काढतात. त्याला लूपोग्राम म्हणतात. खालची वाट मोकळी आहे का, जोड गळत नाही ना, कुठे अरुंद झाले आहे का, हे त्यात दिसते. खालची वाट बंद असताना वरचे तोंड बंद केले तर काय होईल हे सांगायला डॉक्टर नको. आठ दिवसांत करून देतो म्हणणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारावा: लूपोग्राम कधी करणार?

आणि बिडी व खर्रा. आपल्या जिल्ह्यात खर्ऱ्याची पुडी खिशात नसलेला माणूस शोधावा लागतो. तंबाखूतील निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जोडाला रक्त कमी मिळते. बिडीने छातीत कफ साठतो आणि खोकल्याने टाके ताणले जातात. तीन महिने थांबायचे आहेच, तर ते तीन महिने तंबाखूशिवाय काढावे. हा उपाय फुकट आहे.

थांबण्याच्या काळात आणखी दोन कामे. एक, संडास रोखून धरल्यासारखे स्नायू आवळायचे, पाचपर्यंत मोजून सोडायचे. असे दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहादा. दुसरे, अंगातले पाणी आणि मीठ सांभाळायचे. इलिऑस्टॉमीतून दिवसाला अर्धा ते एक लिटर पाणी सहज जाते. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ते दीड-दोन लिटरवर गेले की माणूस गळून जातो, लघवी बंद होते. नुसते साधे पाणी कितीही प्याले तरी मीठ भरून निघत नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते दिवसभर थोडे थोडे घ्यावे. पातळ ताक, मीठ घातलेली भाताची पेज, केळी, मुगाचे वरण, अंडे हे खावे. पिशवीभोवतालची कातडी लाल झाली तर पिशवीच्या तबकडीचे भोक मोठे कापले जाते आहे का ते पाहावे. कातडी राखण्यासाठी पूर्वी कराया डिंकाची पूड वापरत. तो डिंक आपल्या विदर्भाच्या कोरड्या जंगलात उभ्या असलेल्या पांढऱ्या सालीच्या कांडोळाचा. आपल्या रानातला डिंक परदेशी दवाखान्यांत गेला आणि आपल्याच माणसाला पिशवीची लाज वाटते, ही गंमतच म्हणायची.

बाळांच्या बाबतीत

संडासची जागा नसलेल्या बाळाला तीन टप्प्यांनी बरे करतात: आधी कोलोस्टॉमी, मग खाली नवी जागा तयार करणे, शेवटी पोटावरचे तोंड बंद करणे. मधल्या काळात नव्या जागेत ठरलेल्या मापाची सळई घालून ती रोज रुंद ठेवावी लागते. बाळ रडते म्हणून आई-आजीचा जीव तुटतो आणि हे काम सुटते. जागा आवळून गेली की सगळी मेहनत वाया जाते आणि पिशवी काढणे लांबते. पोटावरचे तोंड बंद झाल्यावर बाळाच्या ढुंगणाची कातडी पहिल्यांदाच संडासला लागते आणि लालभडक होते. झिंक ऑक्साईडचे मलम जाड थरात आधीपासूनच लावावे. नजर लागली, बाहेरची बाधा झाली म्हणून भगताकडे नेऊ नये. आईच्या कोणत्याही चुकीने असे बाळ होत नाही, हे सासरच्यांनी नीट ऐकावे.

न जोडण्याचाही निर्णय असू शकतो

गुदाशयाच्या कॅन्सरसाठी केलेल्या तात्पुरत्या पिशव्यांपैकी पाचातली सुमारे एक कधीच निघत नाही. कधी आजार परत येतो, कधी जोड नीट भरत नाही, कधी वय आणि हृदय साथ देत नाही. पुसदकडचे एक निवृत्त शिक्षक आमच्या ओळखीचे आहेत. डॉक्टरांनी त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या. गुरुजींनी आठ दिवस विचार केला आणि म्हणाले, "दिवसातून दहा वेळा धावण्यापेक्षा दोन वेळा पिशवी रिकामी करणे मला परवडते." आज ते सकाळी फिरतात, वाचनालयात बसतात. त्यांचा निर्णय आम्हांस हार वाटत नाही. १७९३ साली फ्रान्समधील ब्रेस्ट गावी ड्यूरे नावाच्या सर्जनने तीन दिवसांच्या बाळाला कोलोस्टॉमी केली होती. ते बाळ त्या वाटेनेच पंचेचाळीस वर्षे जगले. तेव्हा ना आजच्यासारखी पिशवी होती, ना औषधे.

ज्यांना पिशवी सांभाळण्याची माहिती हवी, त्यांच्यासाठी मुंबईला ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. टाटा रुग्णालयातही स्टोमा क्लिनिक आहे.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

हे कागदावर लिहून न्यावेत. डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तरी विचारावेत.

१. माझी पिशवी कोणत्या आतड्याची आहे आणि पहिली शस्त्रक्रिया कोणती झाली?
२. खालची वाट मोकळी आहे हे कशावरून?
३. माझे रक्त किती आहे, किती हवे?
४. जोड गळाला तर पुढे काय कराल? पुन्हा पिशवी लागेल का?
५. नंतर संडासची सवय कशी राहील, किती महिने?
६. नाहीच जोडले तर काय नुकसान?
७. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही दुसरी शस्त्रक्रिया बसते का, आणि मुक्काम वाढला तर?

शेवटच्या प्रश्नासाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटावे. भरती होण्याआधी भेटावे, नंतर नव्हे. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सेवाग्राम, नागपूर, नांदेड यांपैकी जे ज्याला जवळ असेल तिथेही जाता येते. शक्य तर पहिली शस्त्रक्रिया जिथे झाली तिथेच दुसरी करावी, कारण आत काय केले हे त्यांना ठाऊक असते. झरी-जामणी, उमरखेडसारख्या टोकाच्या तालुक्यातल्या रुग्णाने सुट्टी मिळाल्यावर पहिले आठ-दहा दिवस दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे राहिलेले बरे. आणि वर सांगितलेली लक्षणे दिसली तर सकाळच्या गाडीची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

आणि त्या बाईंचे पुढे काय झाले?

आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, "वहिनी, लग्नाची तारीख पाहुण्यांसाठी असते, आतड्याला ती माहीत नसते." त्या रडल्या. पण थांबल्या. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन साडेसात होते आणि सिकलसेलच्या त्या वाहक निघाल्या. मग डॉक्टरांनी लेकीचीही तपासणी करायला सांगितली. तीही वाहक निघाली. होणाऱ्या जावयाची केली, तो वाहक नव्हता. म्हणजे पोटी सिकलसेलग्रस्त मूल येण्याची भीती नाही. पिशवीमुळे का होईना, लग्नाआधी ही तपासणी झाली. एरवी आपण दहा गोष्टी जुळवतो आणि ही एक विसरतो.

लग्नाला आम्ही गेलो होतो. पांढऱ्या साडीत बाई मांडवात उभ्या होत्या. लेकीने सकाळीच पिशवी रिकामी करून वरून सुती पट्टा बांधून दिला होता. तीनशे माणसांत कोणाला काही कळले नाही. ज्यांना माहीत होते त्यांनी विचारले नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, रक्त दहाच्या वर गेल्यावर, लूपोग्राम करून आतडे जोडले. सहाव्या दिवशी जखमेत पू झाला, तीन आठवडे ड्रेसिंग चालले. घरी आल्यावर दिवसातून आठ-आठ वेळा जावे लागे. एकदा फोनवर म्हणाल्या, "भाऊ, पिशवीच बरी होती जी." आम्ही काय बोलणार? भाऊंनी घरामागे चार पत्रे उभे करून त्यांच्यासाठी संडास जवळ आणला, रात्री कंदील लावून ठेवू लागले. दोन महिन्यांनी दिवसाला दोन-तीन वेळांवर आले. पोळ्याला त्यांनी स्वतः पुरण वाटले, असा निरोप आला. गाठोडे मात्र अजून उचलायचे नाही, हे भाऊ त्यांना रोज बजावतात.

ज्या घरात अशी पिशवी आहे, त्या घराला आमची एवढीच विनंती आहे. ती काढण्याची घाई करू नका, काढण्याची भीतीही बाळगू नका, आणि त्या माणसाला जेवताना वेगळे बसवू नका.